कोंबड्या पाळाव्या कशा, म्हणजे मोजाव्या कशा

निवृत्त नवशिक्यांसाठी सोपं मार्गदर्शन, हिशेबासकट

ज्यांच्या घरी आजीच्या काळापासून कोंबड्या आहेत, त्यांनी हे वाचू नये. वाचलंच तर शेजारच्या घरी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हसू नये. लेखकाची पात्रता अशी: बँकेत चौतीस वर्षं लेजर, त्यानंतर लांज्याजवळच्या वाडीत वडिलोपार्जित घरी कायमचा मुक्काम, आणि कोंबडीपालनाचा एक पूर्ण हंगाम. प्रत्येक पायरीच्या शेवटी शिल्लक दिलेली आहे. ती दडवण्याचा मोह झाला होता, पण सवय आडवी आली.

साहित्य

गावठी अंडी १२. खुडूक कोंबडी १ (उसनी चालते). टोपली, पेंढा, बॅटरी, ६० वॉटचा बल्ब, भाताचं तूस, डालगं. जिला सगळं माहीत आहे पण जी विचारल्याशिवाय सांगत नाही अशी एक शेजारीण. शिवाय एक वही आणि पेन. पेन्सिल घेतलीत तर पुढे बरं पडेल.

पायरी पहिली: अंडी बसवणे

दुकानातल्या ट्रेमधली अंडी बसवू नका. पोल्ट्रीतल्या त्या कोंबडीनं जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो. अंडं द्यायला तिला कोंबडा लागत नाही, पण अंड्यातून पिल्लू निघायला लागतो. कोंबडा फिरत असलेल्या घरची, आठवड्याच्या आतली, न धुतलेली अंडी आणा.

आता खुडूक कोंबडी. जी कोंबडी अंडी देणं थांबवून, पिसं फुलवून जागेवर ठाण मांडते, हात लावू गेलात तर चोच मारते आणि सगळ्या जगावर रागावलेली दिसते, ती खुडूक झाली. वर्षाला तीनशे अंडी देणाऱ्या पोल्ट्रीच्या जातींमधून हा गुण निवड करकरून काढून टाकला आहे. आपली गावठी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, आणि अधूनमधून संप पुकारून आई व्हायला बसते.

माझ्याकडे कोंबडी नव्हती. शेजारच्या काकींनी त्यांची दिली, वाट्यानं. म्हणजे कोंबडी त्यांची, अंडी आणि राखण माझी, जगतील त्या पिल्लांत निम्मी निम्मी. शिवाय अट, की पिल्लं निघाली की कोंबडी परत. पिल्लांपासून तोडली की ती लवकर अंड्यावर येते. मी करार वहीत लिहून घेतला. काकींनी लक्षात ठेवला.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी, अंधार पडल्यावर, टोपलीत पेंढा घालून बारा अंडी मांडली. पुढचे २१ दिवस तुम्हाला काम नाही. अंडी फिरवायची कधी, मधली कडेला आणि कडेची मध्ये न्यायची कधी, हे तिला कळतं. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, पाणी पिते, परसात धुळीत लोळते आणि परत येते. ती उठली की अंडी गार पडतील म्हणून त्यांवर शाल पांघरू नका. (मी पांघरली. ती शाल आता तिची आहे.)

सातव्या रात्री अंड्यामागे बॅटरी धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरला. नुसतं पिवळं स्वच्छ दिसलं तर अंडं वांझ. माझी दोन वांझ निघाली.

*शिल्लक: १०.*

पायरी दुसरी: पिल्लं निघणे, आणि तुम्ही लांब राहणे

एकविसाव्या दिवशी कवचाला आतून टोचा पडतो. त्या टोच्यापासून पिल्लू बाहेर यायला अर्धा दिवस, कधी जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. मधे ते बराच वेळ नुसतं पडून असतं. नवशिक्याला वाटतं, अडकलं. ते अडकलेलं नसतं. कवचाच्या आतल्या पडद्यात अजून रक्त वाहत असतं, आणि उरलेला बलक पिल्लू पोटात ओढून घेत असतं. त्या शिदोरीवर ते पुढे दोन दिवस काही न खाता राहू शकतं.

हे मला नंतर कळलं. आधी मी चिमट्यानं एका पिल्लाला मदत केली. पडदा फाटला, रक्त आलं, पिल्लू गेलं. आणखी एक कवचातच मेलं. त्याला मी हात लावला नव्हता, हे वहीत वेगळं नमूद केलं आहे.

*शिल्लक: ८. करारानुसार कोंबडी परत केली.*

पायरी तिसरी: आईऐवजी बल्ब

कोंबडी गेली की तिची ऊब तुम्ही द्यायची. मोठं खोकं घ्या, तळाला दोन इंच भाताचं तूस पसरा. गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका, पिल्लांचे पाय घसरून फाकतात आणि तसेच राहतात. वर बल्ब टांगा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सियस हवं, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायचं.

मी तीन थर्मामीटर लावले आणि तिन्हींनी वेगळे आकडे दाखवले. काकी आल्या, खोक्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "थंडी वाजते त्यांना." पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून बसली होती. बल्ब वीतभर खाली घेतला तर सगळी कोपऱ्यांत पळाली, चोची उघड्या. मधोमध बांधला तेव्हा ती तुसावर ऐसपैस पांगली आणि किलबिल बारीक झाली. ३५ अंश म्हणजे ही किलबिल. थर्मामीटर कपाटात ठेवा.

वीज जाणार हे गृहीत धरा. त्या रात्री खोक्यात गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि तुम्ही शेजारी सतरंजीवर पडायचं. बायको विचारते, मुलं लहान असताना असे कधी उठला होतात का. या प्रश्नाला उत्तर नाही.

खाणं: पहिले एक-दोन दिवस मक्याचा बारीक भरडा किंवा तांदळाची कणी, आणि पाण्यात किंचित गूळ. मग पिल्लांचं तयार खाद्य, ज्यात प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास असतात. अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य पिल्लांना चुकूनही घालू नका. त्यातला भरमसाट चुना अंड्याच्या कवचासाठी असतो, पिल्लांची मूत्रपिंडं तो बिघडवतो.

पाणी: उथळ ताटलीत, आणि ताटलीत खडे. हे खडे कशाला, असं मला वाटलं होतं. सहाव्या दिवशी सकाळी कळलं. बोटभर पाण्यातसुद्धा पिल्लू बुडतं.

*शिल्लक: ७.*

पायरी चौथी: लस

मानमोडी हा कोंबड्यांचा सगळ्यात वाईट रोग. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते आणि चार दिवसांत खुराडी रिकामी होतात. सरकारी कागदांत त्याला राणीखेत म्हणतात. भारतात तो १९२० च्या दशकात कुमाऊँतल्या राणीखेतला ओळखला गेला, म्हणून त्या सुंदर थंड हवेच्या ठिकाणाच्या नशिबी हे आलं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात घालतात, पुढे पुन्हा मात्रा. सहा-सात आठवड्यांनी देवीची लस, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास मानमोडीची टोचणी.

अडचण अशी, की लशीची कुपी कमीत कमी शंभर पिल्लांची असते, बर्फातून आणावी लागते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची. माझ्याकडे सात पिल्लं, म्हणजे चौदा डोळे. त्र्याण्णव मात्रा वाया जाणार, याचं मला चौतीस वर्षांच्या नोकरीइतकं दुःख झालं. काकींनी सांजेला वाडीत हाक घातली. दुसऱ्या दिवशी माझ्या पडवीत नऊ घरच्या बायका पदराखाली, टोपलीत, एक तर शाळेच्या दप्तरात पिल्लं घेऊन बसल्या होत्या. वाडीत येऊन वर्ष झालं होतं; पहिल्यांदा माझ्या घरी इतकी माणसं आली.

*शिल्लक: ७. (वाडीची शिल्लक ९४. ती माझ्या वहीत धरलेली नाही.)*

पायरी पाचवी: अंगण

पाच-सहा आठवड्यांनी पिसं भरतात आणि बल्ब सुटतो. आता पिल्लं दिवसा मोकळी आणि राखण नसेल तेव्हा डालग्याखाली. आकाशात घार, जमिनीवर मुंगूस, कौलांवर बोका, आणि रात्री खुराड्याच्या जाळीच्या भोकाला साप. भोक अर्ध्या इंचाहून मोठं नको. मी फोनवर बोलत होतो, घार बोलत नव्हती.

*शिल्लक: ६.*

आता वाढत्या कोंबड्यांचं खाणं स्वस्तात होतं. कणी, कोंडा, भाजीची देठं, शिळा भात. शिवाय वाळवी: मडक्यात थोडं शेण, ओलं गोणपाट आणि पेंढा भरून ते संध्याकाळी वारुळाजवळ उपडं ठेवा. दुसऱ्या दिवशी मडकं वाळवीनं भरलेलं मिळतं. ते अंगणात झटकलं की जो गोंधळ उडतो, तो बँकेत पगाराच्या दिवशी काउंटरवर पाहिला होता. बारीक वाळू असू द्या. कोंबडीला दात नाहीत, चिकनवाला जिला पेटा म्हणतो त्या पिशवीत ती खडे घालून दाणे दळते. चुलीची राख एका कोपऱ्यात टाका. त्यात लोळून ती उवा झाडते. आपल्या साबणाची तिला गरज नाही.

याच वयात त्यांची सीनियॉरिटी ठरते. कोणी कोणाला टोचायचं आणि कोणी मुकाट मागे सरायचं, याची पक्की उतरंड कोंबड्यांत असते. नॉर्वेच्या थॉर्लीफ शेल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून घरच्या कोंबड्यांच्या टोचांची नोंद ठेवली आणि १९२१ च्या सुमारास त्यावर शास्त्रीय प्रबंध लिहिला. वही घेऊन कोंबड्यांमागे फिरणारा मी पहिला नाही, हे मी घरात वाचून दाखवलं. फारसा फरक पडला नाही.

पायरी सहावी: वाटे

शिमग्याला काकी वाट्यासाठी आल्या. सहांतली तीन कोणी उचलायची? "तुमी आधी उचला," त्या म्हणाल्या. मी वाचन केलं होतं. ज्यांचे तुरे लहान, त्या तलंगा. तीन तलंगा उचलल्या. बायकोनं त्यातल्या सगळ्यात गोंडस दिसणारीचं नाव लक्ष्मी ठेवलं. काकींनी उरलेले दोन कोंबडे आणि एक तलंग पदराखाली घेतली. अंडी माझ्याकडे, तुरे त्यांच्याकडे. त्या रात्री मला किंचित अपराधी वाटलं.

आठ दिवसांनी पहाटे लक्ष्मी आरवली.

काकींना ते आधीच दिसलं होतं का? "दिसलं होतं," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या घरात कोंबडा नको काय?" हे नवशिक्यांनी अधोरेखित करावं. गावठी अंडं आमच्या बाजारात दहा-पंधरा रुपयांना जातं. गटारीच्या आठवड्यात काकींच्या दोन कोंबड्यांचे जे आले, त्यात एका कोंबडीच्या वर्षभराच्या अंड्यांहून बरंच जास्त बसतं.

*शिल्लक: ३. (लक्ष्मी धरून. नाव बदललेलं नाही.)*

पायरी सातवी: पहिलं अंडं

गावठी तलंग साडेपाच-सहा महिन्यांनी अंड्यावर येते. तिचा तुरा लालबुंद होतो, पाठीवर हात ठेवला की ती खाली बसते, आणि दिवसभर जागा शोधत फिरते. अंधाऱ्या कोपऱ्यात टोपली ठेवा, तीत अंड्याएवढा पांढरा गोटा ठेवा. इथे आधी कोणी अंडं घातलंय, असं तिला वाटतं. एका कवचासाठी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणून तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून घाला. जेवणात तिसऱ्या करायला हे कारण घरात चालतं. अंडं घडायला सुमारे २५ तास लागतात. त्यातले वीसेक तास कवचाचेच. त्यामुळे अंडं रोज थोडं उशिरानं येतं, आणि मग एक दिवस रजा. हा हिशेब माझ्या ओळखीचा होता.

मेअखेरीस थोरल्या तलंगेनं टोपलीत सुपारीहून थोडं मोठं अंडं घातलं आणि सगळ्या वाडीला ओरडून सांगितलं. धाकटीनं काहीच दिलं नाही. तुरा लाल, पण टोपली रिकामी. रोज दहाच्या सुमारास ती कुठेतरी जायची आणि तासानं चेहऱ्यावर काही न दाखवता परत यायची. मी वहीत तिच्या नावापुढे 'अनुत्पादक' लिहिलं. मृगाचा पाऊस लागला आणि एका संध्याकाळी ती खुराड्यात आलीच नाही. दोन दिवस वाट पाहिली. मुंगूस, असं ठरवून पेनानं नाव खोडलं.

*शिल्लक: २.*

पायरी आठवी: खातं

आषाढात, पावसाची एक झड ओसरल्यावर, काकींच्या पत्र्याखालच्या सरपणाच्या राशीमागून धाकटी बाहेर आली. अंगानं निम्मी झालेली, पिसं फुललेली. मागे सात पिल्लं.

मी वही न घेताच धावलो. काकी उंबऱ्यात बसून कणी पाखडत होत्या. सरपणाच्या राशीजवळ पाण्याची उथळ ताटली होती, आणि ताटलीत खडे होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तीन आठवडे."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी विचारलंव कुठं? तुमी तर खोडून मोकळे झालात."

मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पिल्लांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सरपण माझं, पाणी माझं. वाट्याचं काय ते तुमी बघा."

*शिल्लक: १०, पैकी ७ वादग्रस्त. सातचे निम्मे कसे करायचे, हे नवशिक्यांनी शिमग्यापर्यंत शोधून ठेवावं.*