पातेकाका

पेनसिल्वेनियात हरणाची शिकार करणारे पुष्कळ. त्यातले बहुतेक बंदूकवाले. परवाना काढला, काडतुसांची पेटी घेतली की त्यांची तयारी संपते. काही जण चाकं आणि केबली लावलेलं कंपाउंड धनुष्य बाळगतात, तेही बऱ्यापैकी सुखात असतात. उरतो तो तिसरा पंथ. साधा लाँगबो किंवा रिकर्व्ह, ऑरेगनच्या सीडरची काडी, टर्कीची पिसं, आणि नेम धरायला देवाने दिलेले दोन डोळे. या पंथाचे एक साधक हॅरिसबर्गबाहेर आमच्या शेजारी राहतात. तोंडावर आम्ही त्यांना अमेरिकन रिवाजाप्रमाणे नुसत्या नावाने हाक मारतो. घरात मात्र ते पातेकाका.

धनुष्याबद्दल पातेकाकांची काही तक्रार नाही. ते पंचेचाळीस पौंडी आहे. कायद्याला पस्तीस पुरतात, तेव्हा तो विषय मिटला. घोडं अडतं ते बाणाच्या टोकाशी. तिथे जे धारदार पोलादी पातं बसवायचं, ज्याला ब्रॉडहेड म्हणतात, ते कुठलं? हा प्रश्न हंगाम संपला की जानेवारीत सुरू होतो आणि ऑक्टोबरात पुढचा हंगाम उघडतो तरी सुटलेला नसतो.

पहिली चाळणी कायद्याची. पातं निदान 7/8 इंच, म्हणजे साधारण 22 मिलिमीटर रुंद हवं, त्याला किमान दोन धारा हव्यात, आणि प्रत्येक धार टोकापासून शेवटापर्यंत एकाच प्रतलात हवी. सामान्य माणूस पाकिटावरचा आकडा वाचतो आणि पैसे देतो. पातेकाका दुकानात खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढतात. पाकिटावर लिहिलंय की, असं दुकानदाराने म्हटलं तर ते त्याच्याकडे दयेने बघतात. निवृत्तीपूर्वी ते शाळेत भूमिती शिकवत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांबद्दल मला अधूनमधून वाईट वाटतं.

खरी गंमत पुढेच आहे. पातं घेतलं की त्याला धार लावायची. आधी कानस, मग दगड, मग चामड्याचा पट्टा. धार आली की मनगटावरचे केस भादरून बघायचे. केस निघाले तरी समाधान नाही, ते आवाज न होता निघायला हवेत. म्हणून पुन्हा कानस. असं करता करता इंचभर रुंदीचं पातं झिजत जातं आणि एका संध्याकाळी कॅलिपर सांगतो की ते 7/8च्या खाली गेलं. धार अप्रतिम, पण पातं बेकायदा! अशा पात्यांसाठी कॉफीचा एक डबा आहे. पातेकाकांच्या मते अमेरिकेतली सर्वांत तीक्ष्ण पाती त्या डब्यात आहेत.

हंगाम जवळ आला हे आम्हाला कॅलेंडरवरून कळत नाही, त्यांच्या डाव्या हातावरून कळतं. सप्टेंबरअखेर तो कोपरापर्यंत गुळगुळीत झालेला असतो. काकू म्हणतात, उजवा हात वाचला तो केवळ ते डावखुरे नाहीत म्हणून.

या धारेच्या वेडात एक गोष्ट मात्र मी हसण्यावारी नेत नाही. गोळी धक्क्याने मारते, बाण रक्तस्रावाने. बोथट पातं गेलं तर जनावर जखम घेऊन दिवसभर रानात भटकतं. पातेकाका वीस पावलांपलीकडे बाण सोडत नाहीत, आणि धारेची खात्री नसेल तर सोडतच नाहीत. मी शिकार करत नाही, करणारही नाही. पण हातातल्या हत्याराची इतकी काळजी घेणारे लोक मी फार थोडे पाहिलेत.

कायद्याच्या चाळणीतून उरलेल्या पात्यांची मग स्थळं बघायला सुरुवात होते. दोन धारांचं की तीन? तीनचं घाव मोठा करतं, पण पंचेचाळीस पौंडांच्या धनुष्याला ते हाडातून पार नेणं जड जातं. रुंदीच्या तिप्पट लांबीचं, निमुळतं? हॉवर्ड हिल यांचं मत तसं होतं, आणि 1938च्या रॉबिन हूड चित्रपटातली तिरंदाजी त्यांची, तेव्हा त्यांना कोण उलट बोलणार! फ्रेड बेअर यांनी 1956 साली काढलेलं रेझरहेड? त्यात मुख्य पात्याला आडवं एक छोटं पातं खोचता येतं. की डॉ. एड ॲशबी यांचं ऐकायचं? त्यांनी दक्षिण आफ्रिकेत जनावरांवर बाण तपासून सांगितलं की बाण जड हवा, 650 ग्रेनच्या पुढचा, म्हणजे 42 ग्रॅमच्या वर. आणि पात्याची धार एकाच बाजूने घासलेली हवी, म्हणजे ते हाडात पिळत शिरतं. पण ही पिळण्याची दिशा पिसांशी जुळावी लागते. उजव्या पंखाची पिसं असतील तर धारही उजवी. पातेकाकांकडे पिसं डावी निघाली. पत्रिका फिसकटली, आणि मार्चपासून जमत आलेलं स्थळ मोडलं.

बाण लागल्यावर उघडणारी यांत्रिक पातीही बाजारात आहेत. ती उघडण्यातच थोडी ताकद खर्च होते, आणि या पंथाच्या बाणात उधळायला ताकद नसते. पण पातेकाका हे कारण सांगत नाहीत. ते नुसता आवाज खाली आणतात. आमच्याकडे पळून जाऊन लग्न केलेल्या मुलीबद्दल पूर्वी असंच बोलत.

गेल्या वर्षी आई सांगलीहून आली होती. खंडेनवमीला तिने सुरी, कात्री, माझा लॅपटॉप असं सगळं पाटावर मांडलं. पातेकाकांना कळल्यावर ते सहा बाण घेऊन हजर. आईने कौतुकाने प्रत्येक पात्याला हळदकुंकू लावलं. त्यांनी हात जोडले, घरी गेले, आणि दहा मिनिटांत फोन आला की प्रत्येक बाण एकेक ग्रेनने वाढलाय, प्रसाद पुसला तर चालेल का?

त्याच भेटीत त्यांनी विचारलं, भारतात पात्याची किमान रुंदी किती? मी सांगितलं, आमच्याकडे 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. शिकारच बंद, आणि शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नावही घातलेलं आहे. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे रुंदीची अट नाहीच?”

या सगळ्यात हरणं कुठे असतात? आमच्या परसात. आईने हौसेने पेरलेली मेथी त्यांनी दोन रात्रीत अर्धी केली. तिसऱ्या दिवशी भर सकाळी एक माजलेला नर वाफ्यात उभा राहून उरलेली खात होता. हंगाम उघडलेला होता. पण इथे राहत्या घरापासून पन्नास यार्डांच्या आत धनुष्याने शिकार करायची तर घरच्यांची परवानगी लागते. पातेकाका मागच्या दाराशी आले आणि अदबीने परवानगी मागू लागले. मी आईकडे पाहिलं. जन्मभर कधी मुंगी न मारलेली बाई, तिने मेथीकडे पाहिलं आणि म्हणाली, “दे रे परवानगी.”

पातेकाकांनी आभार मानले. मग तिथेच पायरीवर बसून खिशातून तीन वेगवेगळी पाती काढून मांडली आणि तिसऱ्याच्या वजनाबद्दल मला मत विचारू लागले. पलीकडे हरणाने कोथिंबिरीला सुरुवात केली.

आई म्हणाली, “त्यांना म्हणावं, माझी विळी देऊ का?”

मी ते इंग्रजीत सांगितलं. पातेकाकांनी मान वर केली.

“तिची धार एका बाजूने घासलेली असते, की दोन्ही?”