येझदी माहेरी जाते

स्पार्क प्लग माझ्याइतका मनावर घेणारं गिऱ्हाईक कुठल्याच दुकानदाराला आवडत नाही. साधा माणूस "येझदीचा प्लग द्या" म्हणतो, पैसे देतो, चालू लागतो. मी काउंटरवर कोपर टेकतो आणि विचारतो, "हीट रेंज कुठली?" शक्यतो दुकानात आणखी दोन-चार गिऱ्हाइकं असताना.

थंड प्लग म्हणजे गारेगार नव्हे, हे मी त्या गिऱ्हाइकांना न विचारता सांगतो. थंड प्लग टोकाची उष्णता चटकन हेडकडे पोचवतो, गरम प्लग ती धरून ठेवतो. टोक साडेचारशे अंशांच्या खाली राहिलं तर काजळी जळत नाही, साचत जाते. साडेआठशेच्या वर गेलं तर पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपलं आपणच पेटतं आणि पिस्टनच्या जिवावर उठतं. म्हणून गावात रेंगाळणाऱ्याला गरम, हायवेला पळणाऱ्याला थंड. इथवर कुणालाही कळेल. खरी मजा आकड्यांत आहे. एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉशचा आकडा वाढला की गरम होतो. आणि त्याच बॉशचा प्लग आपल्याकडे बंगळूरची मायको बनवायची, तेव्हाच्या तीन आकडी नंबरांत पुन्हा उलटं, म्हणजे १७५ पेक्षा २२५ थंड! एवढं ज्ञान घेऊन मी कोल्हापुरात हिंडतो आणि घरात ऐकून घ्यायला कोणी नाही.

प्रवासाला निघायच्या आधी उद्यमनगरात असाच उभा होतो, तर दुकानदार म्हणाला, "साहेब, इरिडियमचा न्या." त्याला वाटलं, किंमत ऐकून मी गप्प होईन. इरिडियम वितळायला चोवीसशे अंशांच्या वर तापमान लागतं, म्हणून त्याचा इलेक्ट्रोड अगदी बारीक ठेवता येतो आणि ठिणगी कमी व्होल्टेजवर पडते. शिवाय डायनासोर संपले त्या काळच्या मातीच्या थरात हाच धातू भरपूर सापडला आणि त्यावरून १९८० साली उल्केचा सिद्धांत मांडला गेला. असा खानदानी धातू सोडवेना. घेतला. टू-स्ट्रोक येझदी ऑइल ओकणार, ते इरिडियमच्या अंगावरही ओकणार, हे मला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे बसवला नाही. शर्टाच्या खिशात ठेवला. कुठे विषय निघालाच तर दाखवायला.

विषय निघेल याची खात्री होती, कारण आम्ही येझदीच्या माहेरी चाललो होतो. म्हैसूरच्या यादवगिरीत इराणी कुटुंबाने १९६० साली आयडियल जावाचा कारखाना काढला. आधी जावा, मग येझदी आणि १९९६ साली कुलूप. आमची रोडकिंग तिथलीच लेक. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन, आणि किक मारायचा दांडाच पुढे वळवला की गिअरचा होतो. कोल्हापुरात ती सिग्नलला थांबली तरी चार माणसं वळून बघतात. एखादा जवळ येऊन "माझ्या मामाकडं हुती" म्हणतो आणि हँडलवरून हात फिरवतो. इथं एवढं, तर माहेरी किती, असा माझा हिशेब होता. मी गॉगलही नवा घेतला होता.

म्हैसूरजवळच्या तलकाडच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटावं लागलं. गाडी मिसिंग मारू लागली आणि देवळाच्या बाजूला शहाळ्यांच्या गाडीसमोर पोचून बंद पडली. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. येझदी, माहेर, भर दुपारची गर्दी आणि माझी कॅनव्हासची टूलची गुंडाळी. माणसाला आयुष्यात आणखी काय लागतं?

पण तापलेल्या हेडमधून प्लग काढायचा नसतो, अॅल्युमिनियमचे आटे जातात. इंजिन निवेपर्यंत थांबायचं ठरलं आणि बायको मला वाळूतून अनवाणी देवळं बघायला घेऊन गेली.

आता तलकाड म्हटलं की शाप आलाच, आणि तो सांगायला लागलो की मला आवरत नाही. श्रीरंगपट्टणचा विजयनगरचा कारभारी तिरुमल आजारी पडला आणि इथल्या वैद्येश्वराला साकडं घालायला आला. देवाचं नाव वैद्येश्वर, पण गुण आला नाही. मागे राहिली त्याची बायको अलमेलम्मा. १६१० साली श्रीरंगपट्टण म्हैसूरच्या राजा वोडेयरांच्या ताब्यात गेलं. तिच्याजवळचे दागिने रंगनाथाच्या देवळातल्या देवीला घालायचे म्हणून मागायला माणसं आली. तिने मोत्याची नथ दिली, बाकीचे दिले नाहीत. मग फौज आली. तिने दागिने पदरात बांधून मालंगीपाशी कावेरीत उडी घेतली आणि जाता जाता शाप दिला: तलकाडची वाळू होवो, मालंगीचा डोह होवो, म्हैसूरच्या राजांना मूल न होवो.

ह्या शापाची बांधणी बघा. दोन गावं, एक घराणं. शब्द एक जास्त नाही. आम्ही साधा वाढदिवसाचा मेसेज लिहायला घेतला तर परिच्छेद होतो आणि ही बाई बुडता बुडता चारशे वर्षं पुरेल असं बोलून गेली. पुढे घराण्यात वारंवार दत्तक घ्यावे लागले. राजवाड्यात तिची मूर्ती बसवून तिला पुजू लागले. वाळूचं म्हणाल तर अभ्यासक नदीचं वळण, वरच्या अंगाचा जुना बंधारा आणि वारा अशी कारणं देतात. ती खरी असणार. पण चोळांनी घेतलेलं, मग विष्णुवर्धन होयसळाने जिंकून कीर्तिनारायणाचं देऊळ बांधलेलं हे गंगांच्या राजधानीचं गाव पायऱ्या उतरून वाळू उपसलेल्या खड्ड्यात बघताना बंधाऱ्याची आठवण कुणाला येते?

मी हे सगळं साभिनय सांगत होतो. पुढचे दोघे यात्रेकरूही थांबून ऐकू लागले होते, म्हणून आवाज जरा वाढवला होता. बायको म्हणाली, "तुझ्या टूलच्या गुंडाळीला मी हात लावला तर दिवसभर बोलत नाहीस. तिचे तर दागिने होते."

यावर माझ्याकडे अभिनय नव्हता. आमच्या एका मावशीचे दागिने काकांच्या तेराव्याच्या आत मोजून झाले होते. पाटल्या कुणाकडे राहतील, हार लॉकरमध्ये कुणाच्या नावे जाईल, सगळं माजघरात ठरलं. मावशी आत होती. तिला चहा नेऊन दिला, विचारलं कुणी नाही. सगळी आपलीच माणसं होती, सगळ्यांचं म्हणणं तिच्या भल्याचंच होतं. मावशी पुढे वीस-बावीस वर्षं जगली आणि शाप वगैरे तिने काही दिला नाही. नुसती लग्नाकार्याला यायची बंद झाली. आम्ही म्हणायचो, मावशी जरा तुटक झालीये.

परत आलो तर इंजिन निवलं होतं, पण वारं सुटलं होतं. तलकाडात वारं सुटलं की वाळू उठते, आणि प्लग काढला की सिलिंडरला उघडं भोक पडतं. त्यात वाळूचे चार कण गेले की पिस्टन आणि भिंत दोघांना ओरखडे. मी गुंडाळी उलगडली, प्लग पाना, फीलर गेज, पॉलिश पेपर, वायर ब्रश ओळीने मांडले आणि मान वर करून बघितलं. कोणी जमलं नव्हतं. एक म्हातारा सायकलवरून "येझदी" एवढंच म्हणून गेला, जसं कोणी "कावळा" म्हणावं. इथे घरटी एकाने ती चालवलेली, नाहीतर कारखान्यात बनवलेली. आपल्याच गावच्या पोरीकडे थांबून कोण बघतो?

शहाळेवाली मात्र बघत होती. "इल्ली बेड," ती म्हणाली. आजोळ गडहिंग्लजचं असल्याने एवढं कानडी कळतं: इथे नको. तिने हातातल्या कोयत्याने आधी गाडी दाखवली, मग वाऱ्याची दिशा, मग डांबरी रस्त्यापलीकडची भिंत. गाडी ढकलत तिकडे नेली. बायको ओढणी दोन्ही हातांनी ताणून वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी प्लगभोवतीची धूळ फुंकली, पुसली, मग पाना लावला. प्लग काळाकुट्ट आणि ओला, दोन टोकांच्या मध्ये काजळीचा बारीक पूल. घासला, गॅप बघितली, हेडला टेकवून किक मारली. निळी ठिणगी. ओढणीच्या आडून बायको म्हणाली, "तो खिशातला घाल की, डायनासोरवाला." मी ऐकलं नाही असं केलं.

दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मी पाना मुद्दाम सावकाश पुसत शहाळेवालीकडे बघितलं. तिने डोकं तिरपं करून नुसता आवाज ऐकला आणि कोयत्यानेच डावा सायलेन्सर दाखवला. तोही काजळीने भरलाय, साफ करून घ्या, म्हणाली. तिचा नवरा कारखान्यात होता का, विचारलं. नवरा टेलर होता. गाडी तिची होती.

"गोत्तु, गोत्तु," माहीत आहे, म्हणून मी गॉगल चढवला आणि निघालो.

गाव संपल्यावर गाडी बाजूला घेतली, चालू ठेवूनच उतरलो आणि मागे वाकून दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरले. उजवीकडून दणदणीत झोत येत होता, डावीकडून नुसती फुंकर.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. फोटो काढायला थांबलोय."