जाहिरातीच्या मागावर: भिंगारकरांसाठी काही सूचना

सर्वांत आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. हा खेळ आहे असं तुम्हाला कोणीही सांगणार नाही. चालवणारे तर नाहीच नाही. विचारलंत तर तोंडावर म्हणतील, छे, असा काही खेळच नाही. ते असं म्हणाले की समजावं, खेळ सुरू झाला.

ज्यांना मुळापासून सांगावं लागतं त्यांच्यासाठी थोडक्यात. एखाद्या कंपनीला सिनेमा नाहीतर व्हिडिओ गेम विकायचा असतो. सरळ फलक लावला तर लोक ढुंकून बघत नाहीत. म्हणून ती एक गोष्ट रचते, तिचे तुकडे करते आणि ते इंटरनेटवर, फोन नंबरांत, पोस्टरच्या कोपऱ्यात, क्वचित खऱ्याखुऱ्या दुकानात लपवून ठेवते. लोक ते शोधतात, जोडतात, रात्री जागवतात. याला अल्टरनेट रिअ‍ॅलिटी गेम असं भारदस्त नाव आहे. आपण ‘माग’ म्हणू. एरवी कंपनी गिऱ्हाइकाच्या मागे धावते. इथे गिऱ्हाईक कंपनीच्या मागे धावतं.

तयारीला सुरुवात श्रेयनामावलीपासून करावी. 2001 साली स्पीलबर्गचा ‘ए.आय.’ आला तेव्हा त्याच्या जाहिरातीत, नटनट्यांच्या आणि तंत्रज्ञांच्या नावांत, एक नाव घुसवलेलं होतं: जीनीन साल्ला, आणि पुढे हुद्दा, भावना असलेल्या यंत्रांची मानसोपचारतज्ज्ञ. बारीक अक्षरं वाचणाऱ्या काहींना शंका आली, त्यांनी ते नाव इंटरनेटवर शोधलं आणि पुढे काही महिने हजारो लोक एका खुनाचा तपास करत बसले. खून झालेला नव्हता, माणूसही अस्तित्वात नव्हता.

आपल्याकडे नावं पडद्यावर सरकू लागली की लोक चप्पल शोधतात. तेव्हा सराव लग्नपत्रिकेवर करावा. विनीत, निमंत्रक, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी किलबिल, अशी साठ-सत्तर नावं बारीक टायपात असतात. त्यातलं कोणतं गाळलंय, कोणतं मागाहून घुसडलंय आणि कोणाला ‘व’ लावून जोडलंय, हे पत्रिका हातात पडताच सांगणारी व्यक्ती प्रत्येक घरात असते. बहुधा ती आत्या असते. तिला पथकात घ्या. संगणक शिकलेला भाचा नंतर घेतला तरी चालेल.

आता प्रत्यक्ष मैदानात उतरण्याविषयी, आणि इथे भिंगारकरांनी इतरांपेक्षा जास्त जपावं. 2004 मध्ये ‘हेलो 2’ या व्हिडिओ गेमच्या झलकीत एका मधमाश्यांच्या संकेतस्थळाचा पत्ता क्षणभर चमकून गेला. संकेतस्थळ मध विकणाऱ्या बाईचं, पण काहीतरी बिघडलेलं. त्यावर अक्षांश-रेखांश आणि वेळा दिलेल्या. लोकांनी नकाशे काढले, तर प्रत्येक ठिकाणी रस्त्यावरचा सार्वजनिक फोन निघाला. दिलेल्या वेळेला तो वाजायचा. उचलला की गोष्टीचा पुढचा तुकडा. फ्लोरिडात एक जण चक्रीवादळात उभा राहून फोनची वाट बघत होता.

हे वाचून भारावलेल्या आमच्या भाच्याने सरावासाठी एक छोटा माग रचला. 19.1 आणि 74.7 अशा आकड्यांनी सुरू होणाऱ्या सहा ओळी त्याने चिठ्ठीवर लिहून दिल्या आणि मी व मित्र मोटारसायकलवर निघालो. भिंगार म्हणजे नगरची छावणी. चिलखती दलाची शाळा इथे, पायदळाचं मोठं केंद्र इथे, आणि दर दुसऱ्या भिंतीवर फोटो काढण्यास मनाई. तिसऱ्या ओळीचं ठिकाण एका फाटकाच्या अगदी समोर आलं. मी चिठ्ठी बघतोय, मित्र मोबाइल वर धरून दिशा लावतोय. जवान शांतपणे चालत आला. चिठ्ठी घेतली, वाचली.

“ये क्या है?”

मित्र नियमाला पक्का. “कुछ नहीं है.”

“गेम है,” मी म्हणालो.

“कौन सा गेम?”

“वो बता नहीं सकते. नियम है.”

पुढचा पाऊण तास आम्ही एका बाकावर काढला. त्या जवानाचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. शेवटी मित्राचे मामा आले, त्यांनी दोघांच्या वतीने माफी मागितली आणि चिठ्ठी फाडून खिशात ठेवली. तात्पर्य नाही, सूचना: अक्षांश-रेखांश डोक्यात ठेवावेत. रणगाडे पाहायची हौस असेल तर त्यासाठी 1994 पासून संग्रहालय आहे, तिकीट काढून रीतसर बघता येतात.

बेकरीचं प्रकरण त्या मानाने सोपं. ‘द डार्क नाइट’ हा बॅटमॅनचा सिनेमा 2008 च्या जुलैत आला, पण त्याचा माग वर्षभर आधीच सुरू झाला होता आणि 75 हून जास्त देशांतले 1 कोटींवर लोक त्यात ओढले गेले असं चालवणाऱ्यांनी सांगितलं. 2007 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या निरनिराळ्या शहरांतल्या बेकऱ्यांत जाऊन ‘रॉबिन बँक्स’ या नावाचं पार्सल मागायचं होतं. बँका लुटणं या अर्थाची ही इंग्रजी कोटी. पार्सलमध्ये केक, केकवर फोन नंबर, तो लावला की केकच्या आतून घंटी वाजायची, कारण मोबाइल आत भरलेला.

हेच भिंगारच्या बेकरीत करून बघा. कोटी चालणार नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं, तेव्हापासून रॉबिन, सॅम्युएल, डेव्हिड ही इथल्या मातीतली नावं आहेत. गल्ल्यावरचा माणूस वहीवरून मान वर करील आणि विचारील, “कोणता रॉबिन? बनकरांचा? चर्चजवळचे बनकर की स्टेशनकडचे?” तुम्ही गोंधळलात की तो दोन पाव जास्त बांधून देईल आणि रॉबिनच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करील. चार माणसं जिथे एकमेकांना आडनावाने, आजोळाने आणि उधारीने ओळखतात तिथे खोटं पात्र उभं करणं हे कंपनीलाही जड जाईल.

तरीही एकदा माग आपल्या दारापर्यंत आल्यासारखा वाटला होता. डिसेंबर 2009. ‘थ्री इडियट्स’ यायचा होता आणि आमिर खान वेष बदलून देशभर हिंडत होता. तो कुठे आहे हे क्लूवरून लोकांनी ओळखायचं. बनारसला गेला. कोलकात्यात सौरव गांगुलीच्या घरापर्यंत पोचला तर रखवालदाराने आत घेतलं नाही. चंदेरीत विणकरांकडे गेला. बातम्या बघून बघून आमची नजर इतकी तयार झाली की कोणताही म्हातारा सरळ दिसेना.

भिंगारच्या आलमगीर भागात चहा पिताना मित्राने कोपर मारलं. समोर माकडटोपी, मफलर, जाड चष्मा, आणि दात असे एका रेषेत की त्या वयाला नगर जिल्ह्यात कोणाचे असणं शक्य नाही. आम्ही मागे लागलो. म्हाताऱ्याने मेथीची जुडी घेतली आणि दोन रुपयांसाठी पाच मिनिटं घासाघीस केली. मी म्हटलं, एवढा मोठा नट दोन रुपयांसाठी भांडेल का? मित्र म्हणाला, हाच तर अभिनय. म्हातारा खोकला, मित्र म्हणाला, आवाज बदलतोय. एका बाईने त्याला “भाऊजी, बाजार झाला का” विचारलं, मित्र म्हणाला, तीही त्यांच्यातलीच. मागावरच्या माणसाच्या बुद्धीचं याहून स्वच्छ वर्णन मला करता येणार नाही: प्रत्येक विरुद्ध पुरावा हा बाजूचा पुरावा असतो.

शेवटी लिंबाखाली तो थांबला, वळला आणि म्हणाला, “कुणाचे रे तुम्ही?”

मित्राने बापाचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याला बाप माहीत होता, आजाही माहीत होता, आज्याने 1974 साली नेलेली शिडीही लक्षात होती. दात कवळीचे होते. बाबा चिलखती दलात ड्रायव्हर होते, दात निवृत्तीनंतर बसवून घेतले. आम्हाला घरी नेऊन चहा पाजला. शिडी मित्राने पुढच्या आठवड्यात नेऊन दिली.

इथे एक सूचना अशी आहे जी गमतीची नाही. 2009 मध्ये दोन पोरं अनोळखी म्हाताऱ्याच्या मागे गेली आणि चहा पिऊन आली. 2018 च्या 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागणारे पाच जण जमावाने ठार मारले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. तिच्या शेवटी कोणताही सिनेमा नव्हता. तेव्हा माणसाचा माग काढू नका. वस्तूंचा काढा, इमारतींचा काढा, माणसाला सरळ विचारा, बाबा, तुम्ही कोण.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उलटा प्रकार झाला. पिंपरी-चिंचवडच्या पिंपळे सौदागर भागात एका रात्रीत तीनेकशे फलक लागले, सगळ्यांवर एक आडनाव आणि पुढे ‘आय अ‍ॅम सॉरी’. अख्खा महाराष्ट्र तर्क करत बसला: कोणता सिनेमा, कोणती मालिका, कोणतं मोबाइल कनेक्शन? आमची आत्या पेपर बघून म्हणाली, जाहिरात कसली, पोराने पोरीला दुखावलंय. पोलिसांना तपासाअंती तेच सापडलं. सुरुवातीला आत्याला पथकात घ्या म्हणालो ते उगीच नाही.

राहिला प्रश्न भिंगारमध्ये शोधायचं काय. हा प्रश्न बाहेरचा माणूस विचारतो. 1490 मध्ये मलिक अहमदने बहमनी फौजेला याच भागात हरवलं म्हणून शेजारी नगर वसलं. औरंगजेब 1707 मध्ये इथेच मेला, दफन मात्र खुलताबादला. आणि पाथर्डी रस्त्याला डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते, जिला आजही सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात, तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. ती निजामशाहीचा मंत्री दुसरा सलाबतखान याची कबर आहे. एवढा मोठा खोटा क्लू, सहलीच्या बसगाड्या भरून पोरं पिढ्यान्‌पिढ्या तो बघून जातात, आणि कोणत्याही कंपनीला त्यासाठी एक रुपया खर्च करावा लागलेला नाही.

‘थ्री इडियट्स’ 25 डिसेंबरला लागला. आम्ही तिघांनी पाहिला, म्हातारबाबांना बरोबर नेलं. आमिर खानच्या त्या फेरीत भिंगार नव्हतं हे नंतर कळलं. तिकिटं आम्हीच काढली होती.

यंदा कोणाला नवा क्लू लागला तर संध्याकाळी टपरीवर यावं. मोटारसायकल मित्राची आहे, पेट्रोल ज्याचा क्लू त्याने घालायचं.