दह्याच्या कपाटाखातर

रेडिंग, इंग्लंड
१२ जानेवारी

ती. आई-बाबांस,


परवा फोनवर आईनं विचारलं, "घरात कानटोपी कशाला घातलीस?" तेव्हा 'फॅशन आहे' म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगतो, बॉयलर गेला. १९९८ पासून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभा होता, आधीच्या घरमालकाच्या वेळचा. आज ९ दिवस मेघा, चिन्मय आणि मी, आम्ही तिघं एका विजेच्या हीटरभोवती शेकोटीला बसल्यासारखे बसतोय. वरच्या कपाटातल्या पाण्याच्या टाकीत विजेचा रॉड आहे, म्हणून अंघोळी तरी होतात. घरात ऊबदार जागा ते कपाट एकच, आणि तिथं मेघाचं दही राहतं.

बाबा, बॉयलर म्हणजे आपल्या परसातला बंबच समजा. गॅसवर चालतो आणि तापलेलं पाणी नळ्यांतून घरभर फिरवतो, म्हणून खोल्याही तापतात. पण तुम्ही बंब घेतलात तो पुण्याला तांबट आळीत जाऊन, बोटानं वाजवून. इथं विकणारा घरी येतो, खिडक्या मोजतो, चहा-बिस्किटं घेतो आणि असा आकडा सांगतो की दिलेली बिस्किटं परत मागावीशी वाटतात.

पहिला म्हणाला, कॉम्बी घ्या. त्याला टाकी लागत नाही, नळ सोडला की पाणी तापतं. ३० किलोवॅटचा घेतलात तर मिनिटाला १२ लिटर. "एका वेळी किती जण शॉवर घेता?" मी म्हटलं, एकही नाही, आमच्याकडे बादली आणि तांब्या. त्याला कळेना, म्हणून मी बाथरूममध्ये उकिडवा बसून कपड्यानिशी प्रात्यक्षिक दिलं. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं, ते मला वाचायचं नाही. हिशेब मात्र मी केला. १५ लिटरची बादली सव्वा मिनिटात भरणार, मग चिन्मय अंथरुणातून उठेपर्यंत पाऊण तास यंत्र गप्प. आमच्या ८ रेडिएटरांना १० किलोवॅट पुरतात. वरचे २० नुसते नळासाठी.

दुसराही कॉम्बीवालाच. वर म्हणाला, "जुनी टाकी मी फुकट काढून नेतो." तिथं मला शंका आली. टाकी तांब्याची आहे! आपल्या दारावरचा भंगारवालासुद्धा तांब्याच्या भांड्याला दोन पैसे तरी काढतो.

तिसरा हीट पंपवाला. उलटा चालणारा फ्रिज म्हणा, बाहेरच्या गारठ्यातून उष्णता ओढून घरात आणतो. सरकार ७,५०० पौंड देतं. मला पटत आलं होतं. पण रेडिएटर मोठे बसवायचे, टाकीही बदलायची. "नव्या टाकीला इतका जाड फोम असतो की ऊब बाहेर येतच नाही," तो अभिमानानं म्हणाला. मेघा उठून उभी राहिली. "मग दही कुठं लावायचं?" त्याच्या माहितीपत्रकात याचं उत्तर नव्हतं. आई, या थंडीत दही आणि इडलीचं पीठ त्या कपाटाशिवाय हलत नाही. वरच्या फळीवर टॉवेल, खाली दह्याचं पातेलं, अशी आमची व्यवस्था आहे. कॉम्बी घेतला तर टाकीच जाते, आणि बॉयलर पुन्हा बिघडला तर अंघोळीही.

चौथा आला तो एकटा, साठीच्या पुढचा. न मागता गॅसच्या कामाच्या परवान्याचं, 'गॅस सेफ'चं, कार्ड दाखवलं. मी ते उलटूनही पाहिलं, कारण कुठल्या कामाची परवानगी आहे ते मागच्या बाजूला असतं. तो म्हणाला, टाकी राहू दे, नुसता हीटिंगचा १५ किलोवॅटचा लावतो. इथं २००५ पासून नवा बॉयलर कंडेन्सिंगच लागतो, म्हणजे धुराड्यातून जाणाऱ्या वाफेचं पाणी करून तिच्यातली उष्णता परत घेणारा. हे साधायचं तर रेडिएटरांतून परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली हवं, म्हणून बॉयलरवरचा आकडा चढवू नका असं त्यानं दोनदा बजावलं. वाफेचं ते पाणी ज्या नळीतून ठिबकतं ती कडाक्याच्या थंडीत गोठते आणि बॉयलर बंद पडतो, म्हणून तो नळी आतूनच नेणार आहे. पहिल्या तिघांनी काय काय चांगलं होईल ते सांगितलं, यानं काय बिघडेल ते. वर त्याची बायको तसल्याच कपाटात ब्रेडची कणीक फुगायला ठेवायची म्हणे. मेघानं त्याला दुसरा चहा केला. माझं मत कुणी विचारलं नाही.

मंगळवारी काम आहे.

आणि बाबा, आपल्या बंबाला भंगारवाला काय भाव देतो ते विचारून लगेच कळवा. पण देऊ नका. मला इथल्या टाकीची किंमत काढायची आहे.

तुमचा,
बाळू