कुरुंदकरांची फाइल

धाराशिवच्या कोणत्याही महाविद्यालयात मराठीच्या प्राध्यापकाला ‘सध्या काय वाचताय?’ असं विचारू नये. बिचारे कॅसची, म्हणजे पदोन्नतीची, फाइल लावत असतात. स्टाफरूममधला चालणारा प्रश्न वेगळा आहे: ‘सर, पेपर कुठं टाकला?’

यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत भाषाविषयातल्या शोधनिबंधाला 10 गुण आहेत. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला 70 टक्के, म्हणजे दोघांचे मिळून 14. उस्मानाबादी शेळी (जिल्ह्याचं नाव बदललं, तिचं नाही) जुळ्या करडांसाठी प्रसिद्ध आहे. आमच्या निबंधांना तिचाच गुण लागला असावा.

अशा वेळी मला नांदेडचे नरहर कुरुंदकर आठवतात. रसचर्चेपासून भरताच्या नाट्यशास्त्रापर्यंत अधिकारानं बोलणारा हा माणूस इंटरला पुन्हा पुन्हा नापास झालेला. ‘रूपवेध’ लिहिलं, पुढं पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांची फाइल आज लावायची म्हटली तर कारकूनच घाबरेल. ‘श्रीमान योगी’ची गाजलेली प्रस्तावना म्हणजे रणजित देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र. ते कोणत्या रकान्यात भरायचं? व्याख्यानं तर गावोगाव दिलेली. राज्य पातळीवरच्या निमंत्रित व्याख्यानाला 2 गुण मिळतात खरे, पण प्रमाणपत्र जोडावं लागतं. व्याख्यानमालेवाले हार-नारळ देतात, फार तर एसटीचं भाडं. 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादेत व्यासपीठावरच ते गेले, वयाच्या पन्नाशीआधी. आज त्यांच्यावर कुणी पीएच.डी. केली तर मार्गदर्शकाला मात्र बिनबोभाट 10 गुण.

यात प्राध्यापकांना हसण्यासारखं फारसं नाही. स्थाननिश्चिती अडली की पगार अडतो आणि घराचा हप्ता कुणासाठी थांबत नाही. मराठी समीक्षा वाढली ती प्रस्तावनांत, दिवाळी अंकांत आणि भाषणांत. तिला शोधायला आपण गेलो अशा नियतकालिकांत, जी लिहिणाऱ्यांशिवाय कुणी उघडत नाही. त्यातली 4,305 नियतकालिकं यूजीसीनंच 2018 मध्ये यादीतून काढली. मग मान्य नियतकालिकांची नवी, ‘केअर’ नावाची यादी आली. 2025 मध्ये तीही गेली आणि चांगलं-वाईट ठरवण्याचं काम विद्यापीठांकडे आलं. म्हणजे आता वाचून ठरवावं लागेल. थोडी पंचाईतच आहे.

तुमच्या घरात ‘श्रीमान योगी’ असेलच. आजवर जी पानं उलटून थेट कादंबरीला हात घातलात, ती यंदा वाचा. गुण मिळणार नाहीत.