जंगलाने सोसायटीचे नियम पाळावेत

आमच्या सोसायटीच्या मागे, पंपरूमला लागून, एक मोकळा तुकडा आहे. मोडक्या सायकली आणि गणपतीच्या मखराचे सांगाडे तिथे गुण्यागोविंदाने नांदत होते. तीन वर्षांपूर्वी सेक्रेटरींनी तिथे ‘मियावाकी’ करायचं जाहीर केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “व्हेज असतं ना?”

सेक्रेटरींनी खुलासा केला. अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या पद्धतीत माती उकरून त्यात खत कालवायचं, चौरस मीटरला तीन-चार देशी रोपं खेटून लावायची आणि दोन-तीन वर्षं पाणी, तण बघायचं. उन्हासाठी रोपं एकमेकांवर कुरघोडी करत झपाझप वाढतात. (कुरघोडीने वाढ होते म्हटल्यावर कमिटी तत्काळ राजी झाली.) त्यानंतर माणसाने हात लावायचा नाही. हे शेवटचं वाक्य चहा आल्यामुळे कोणी ऐकलं नाही.

मुंबईला ही कल्पना नवी नव्हतीच. ऑक्टोबर २०१९मध्ये आरे कॉलनीत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली. जानेवारी २०२०मध्ये महापालिकेने मियावाकी वनांचा मुहूर्त केला. तोडणारे वेगळे, लावणारे वेगळे, त्यामुळे कोणाच्याच तोंडाला खोटेपणा लागला नाही. शिवाय मोठ्या जंगलाला विकासाच्या आड येण्याची खोड असते. छोटं कसं, पार्किंग सोडून उरलेल्या जागेत निमूट मावतं.

उद्घाटनाला माजी नगरसेवक आले. फ्लेक्स नीट दिसावा म्हणून जुन्या गुलमोहराच्या दोन फांद्या उतरवल्या. फोटो झाले, वडे झाले, आणि जे पाणी-तण दोन-तीन वर्षं बघायचं होतं, ते बघायला कोणी फिरकलं नाही. वॉचमन तेवढा टाकी ओसंडली की पाइप तिकडे वळवायचा. त्या गळतीवर करंज, जांभूळ, ताम्हण चक्क दोन पुरुष उंच झाले.

मग मात्र सगळ्यांचं लक्ष गेलं. परवाच्या सभेत तक्रारींचा ढीग होता. पानं गळतात. भारद्वाज पहाटेच घुमायला लागतो. मुंगूस गेटवर नोंद न करता शिरतं. बी विंगवाले म्हणाले, सावली एला पडते, तर मेंटेनन्स आम्ही का भरायचा?

उपाय लगेच ठरले: मधोमध पेव्हर ब्लॉकची वाट, टोकाला सेल्फी पॉइंट, खालच्या फांद्यांची छाटणी. पाला रोज झाडून कचऱ्याच्या गाडीत द्यायचा. पुढचाच विषय होता, कुंड्यांसाठी खताच्या वीस गोणी विकत घेणे. तोही मंजूर झाला.

मी चाचरत म्हटलं, “पण मियावाकींच्या पद्धतीत आता हात लावायचा नाही, असं आहे.”

“ते असतात कुठे?”

“२०२१मध्ये वारले.”

“मग हरकत कोण घेणार?” असं म्हणून सेक्रेटरींनी ठराव मताला टाकला. वॉचमनला मत नसल्यामुळे तो एकमताने संमत झाला.