सगळं धरून

ग्वाल्हेरच्या थाटीपुरात सकाळी सहाच्या सुमाराला कुठल्याही गल्लीत उभं राहून ‘अण्णा’ अशी हाक मारली, तर निदान तीन दारं उघडतात. तिन्ही अण्णा महालेखाकार कार्यालयातून निवृत्त झालेले असतात. ग्वाल्हेरच्या मराठी घरात मुलीसाठी स्थळ बघताना पूर्वी एवढंच विचारत, ‘ए.जी. ऑफिस की रेल्वे?’ उत्तर ए.जी. ऑफिस आलं की पुढचे प्रश्न बंद. मुलगा माणूस म्हणून कसा आहे, हे लग्नानंतर यथावकाश कळे. तेव्हा मी सांगतोय ते यातले नेमके कोणते अण्णा, हे कुणी शोधायला जाऊ नये. तिघांनाही ते आपलंच वर्णन वाटेल आणि तिघेही माझ्याकडे लेखी खुलासा मागतील.

अण्णांनी उभी हयात दुसऱ्यांची बिलं तपासण्यात घालवली. त्यातही प्रवासभत्ता हा त्यांचा खास प्रांत. दौऱ्यावर गेलेल्या माणसाच्या राहण्या-जेवण्याची सोय फुकट झाली असेल तर त्याला दैनिक भत्ता फक्त पाव मिळायचा, असा तेव्हा सरकारी नियम होता. या एका नियमाच्या जोरावर अण्णांनी किती सुखी दौऱ्यांचं वाटोळं केलं, त्याची गणती नाही. शिवपुरीच्या विश्रामगृहात एका इंजिनिअरने खाल्लेली पोळी-भाजी त्यांनी तीन वर्षांनी त्याच्या पगारातून बाहेर काढली होती.

नियतीलाही विनोदबुद्धी असावी. पुण्याच्या चिरंजीवांनी आई-वडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दक्षिण गोव्यातल्या एका समुद्रकाठच्या रिसॉर्टचं पॅकेज भेट दिलं. तीन रात्री, चार दिवस. राहणं, नाश्ता, दोन्ही जेवणं, चारचा चहा, मधलं खाणं, पेयं, सगळं धरून एकच रक्कम, आणि तीही आधीच भरलेली. अण्णांचा पहिला प्रश्न, ‘रक्कम किती?’ भेटीची किंमत सांगू नये म्हणून चिरंजीव गप्प बसले. सूनबाईंनी सांगितली. त्या रात्रीपासून अण्णांची झोप उडाली.

अण्णा कंजूष आहेत असं समजू नका. कंजूष माणसाला खर्च झाला की खुपतं. अण्णांना खर्च कशावर किती झाला हे कळलं नाही की खुपतं. आणि ‘सगळं धरून’ या धंद्याची सगळी मेख तिथेच आहे. १९५० साली जेरार ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन गृहस्थाने स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून ‘क्लब मेडिटरेनियन’ सुरू केला, तेव्हाच त्याने हे ओळखलं होतं, की पैसे एकदाच घ्यावेत आणि मग ते माणसाच्या नजरेला पडू देऊ नयेत. पुढे तर त्यांनी पाहुण्यांना मण्यांच्या माळा दिल्या. बारवर पेला घ्यायचा आणि त्याच्या बदल्यात मणी काढून द्यायचे. महायुद्धाने दमलेल्या युरोपला पैशाचा विसर पडणं हीच मोठी चैन होती. अण्णांच्या खात्यात याला ‘व्हाउचर नसलेला खर्च’ म्हणतात आणि त्यावर चौकशी बसते.

गोवा एक्स्प्रेस संध्याकाळी ग्वाल्हेर सोडते आणि दोन रात्री घेऊन पहाटे मडगावला पोचवते. जानेवारी होता. ग्वाल्हेरला पारा चार-पाचवर उतरलेला. अण्णा कानटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि मुरेन्याची दोन किलो गजक घेऊन गाडीत बसले ते तसेच्या तसे नारळाच्या झाडाखाली उतरले. रिसॉर्टवर पोचले सकाळी आठला. खोली मिळणार दुपारी दोनला. शेवटच्या दिवशी सोडायची सकाळी अकराला. अण्णांनी तिथेच सोफ्यावर बसून डायरी उघडली. चार दिवसांचे तास शहाण्णव, हातात पडणार एकोणसत्तर. सत्तावीस तासांचा अपहार! सहलीचा पहिला आनंद त्यांना हा असा मिळाला. वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, तोवर समुद्र बघून आल्या होत्या.

मनगटावर पिवळा पट्टा बांधणारा काउंटरवरचा मुलगा मेरठचा निघाला, पण शिकलेला ग्वाल्हेरला. देशभरच्या पोरांना पर्यटन शिकवणारी केंद्र सरकारची संस्था आमच्या थाटीपुराच्या शेजारी, गोविंदपुरीत आहे. जवळपास समुद्र नसलेल्या गावात ती का असावी, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही. सरकारी संस्था आहे, येईल तिथे येते. मुलगा थाटीपुरातच भाड्याने राहिलेला. ‘अंकल, मयूर मार्केट कैसा है?’ असं त्याने विचारताच अण्णा विरघळले आणि अर्धा किलो गजक काउंटरवर गेली. मग पट्ट्याकडे बोट दाखवून त्यांनी त्याला सुनावलं, की असल्या सोयींचं आम्हाला काय कौतुक! जयविलास महालात शिंदे सरकारांच्या जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरायची. सात डबे, प्रत्येक डब्यावर सरकारांच्या इंग्रजी नावाचं एकेक अक्षर. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी आपोआप थांबे. ‘पट्टे नाही बांधावे लागले कुणाला,’ अण्णा म्हणाले. त्या टेबलावर आपल्या घराण्यातलं कुणी कधी बसलं नव्हतं, हा तपशील त्यांनी गाळला.

जेवणाच्या दालनात अण्णा आधी ताट न घेताच शिरले. पाहणी. मांडणीतली चलाखी त्यांनी एका फेरीत पकडली. सुरुवातीला सूप, काकडी, चार तऱ्हांचे पाव, मग ढीगभर भात. कोळंबी पार टोकाला, तीही गरम तव्यापाशी, जिथे रांग लागते आणि एक आचारी एका वेळी चारच नग काढतो. म्हणजे माणूस तिथवर पोचेपर्यंत ताट आणि पोट दोन्ही भातापावाने भरलेलं असावं. ‘हे खोबरेल लावलेलं बजेट आहे,’ असं पुटपुटत अण्णा उलट्या दिशेने शिरले. समोरून येणारी सगळी रांग त्यांच्या अंगावर आली, पण ए.जी. ऑफिसचा माणूस प्रवाहाविरुद्ध जायला घाबरत नाही.

शेजारच्या दुसऱ्या हॉटेलातलं दरपत्रक त्यांनी मागून आणलं होतं. प्रत्येक पदार्थ खाल्ला की त्याचा बाहेरचा भाव डायरीत. पहिल्या दुपारी कोळंबी, इसवण, दोन वेळा बेबिंका असा जमाखर्च मांडून त्यांनी वहिनींना दबक्या आवाजात सांगितलं, ‘आजच्या दिवसाची वसुली पूर्ण. आता रात्रीचं सगळं शिल्लक.’ चाळीस वर्षांत वहिनींनी त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान फक्त महागाई भत्ता वाढला तेव्हा पाहिलं होतं.

त्याच रात्री मात्र संस्कार आडवे आले. वाढपी खेकडा घेऊन टेबलाशी आला आणि म्हणाला, ‘आणखी घेणार, सर?’ अण्णा सवयीने ताटावर हात आडवा धरून म्हणाले, ‘नको, नको!’ मराठी पंगतीत या दोन ‘नको’चा अर्थ ‘एकदा आग्रह करा’ असा होतो, हे त्या झारखंडच्या मुलाला कुणी शिकवलं नव्हतं. तो ‘ओके सर’ म्हणून निघून गेला. अण्णांचा हात बराच वेळ तसाच आडवा राहिला. वाटेल तितकं खा म्हणणाऱ्या त्या जागी खा म्हणणारं कुणी नाही, ही मला त्या सगळ्या थाटातली खरी कमतरता वाटते. पण ती डायरीच्या कुठल्या रकान्यात लिहायची, ते अण्णांना कळेना.

पेयांचा प्रकार आणखी अवघड. अण्णा घेत नाहीत. पण न घेतलेलं पेय म्हणजे भरलेल्या पैशातून बुडालेलं पेय. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय असं ऐकल्यावर त्यांनी ती केवळ अभ्यासासाठी मागवली, वास घेतला आणि पेला सबंध हाताच्या अंतरावर धरून बसले. शेवटी म्हणाले, ‘मला आपलं शहाळं द्या.’ शहाळं पॅकेजमध्ये नव्हतं. फेणी फुकट आणि शहाळं विकत, तेही गोव्यात, डोक्यावर नारळ लटकत असताना! अटींचं पान चाळल्यावर मालिश, कपड्यांची धुलाई, पाण्यातले खेळ, सगळंच बाहेर निघालं. ‘सगळं धरून’मध्ये काय काय धरलेलं नाही, ती यादी अण्णांनी लाल शाईने उतरवून काढली. त्या दुपारी ते समुद्राकडे पाठ करून पण अगदी प्रसन्न बसले होते.

समुद्राशी त्यांचं फारसं जमलं नाही. आम्हा ग्वाल्हेरकरांचा समुद्र म्हणजे १९१६ सालचं तिघरा धरण. त्याला विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे, खडकवासल्याला आधी बसवले तसले. पाणी किती चढलं, किती सोडलं, सगळ्याची नोंद. इथे पाणी येतंय, जातंय, आणि रजिस्टर नाही. वहिनी मात्र खुर्ची ओढून घोटाभर पाण्यात दोन-दोन तास बसत. संध्याकाळी भाजी कसली करायची, हे त्यांना तीन दिवस कुणी विचारलं नाही. त्यांनी कशाचाही हिशेब ठेवला नाही, त्यामुळे त्यांची वसुली किती झाली ते सांगता येत नाही.

रविवारी संध्याकाळी व्हायचं ते झालं. अण्णांचं पोट बिघडलं. खोलीत झोपून ते खालचं संगीत ऐकत होते. खाली निखाऱ्यावर मासे भाजण्याचा खास कार्यक्रम होता, वास खिडकीतून येत होता, आणि एकतीस मार्चच्या रात्री न खर्चलेला निधी लॅप्स व्हावा तसं ते जेवण डोळ्यांदेखत लॅप्स होत होतं. वहिनी एकट्या जेवून आल्या. अण्णांनी क्षीण आवाजात विचारलं, ‘काय घेतलंत?’

‘दहीभात.’

‘फक्त दहीभात?’ अण्णा उठून बसले. ‘दोघांच्या वाट्याचा?’

सोमवारचं संकट तर आधीच ठरलेलं होतं. अण्णांचं घराणं सारस्वत. शिंद्यांच्या फौजेत लखबादादा लाडांसारखे सारस्वत मातब्बर झाले, त्या काळात कधीतरी उत्तरेत गेलेलं. कुलदैवत मंगेश. सोमवारी मासे वर्ज्य. शनिवार ते मंगळवार स्वस्त पडतं म्हणून चिरंजीवांनी ते वार घेतले, आणि ऐन कोळंबीत सोमवार आला. अण्णांनी मार्ग काढला: नाहीतरी शाकाहारी वार, तर दर्शन आजच उरकावं, मासे बुडण्यापेक्षा पनीर बुडलेलं परवडलं. टॅक्सी पॅकेजमध्ये नव्हती. कदंबच्या बसने मडगाव, फोंडा करत दोघं मंगेशीला पोचली.

१५६० च्या सुमाराला पोर्तुगीजांच्या भीतीने कुशस्थळीहून निघालेला देव प्रियोळला येऊन राहिला, आणि त्याचे भक्त तर पार ग्वाल्हेरपर्यंत गेले. अण्णांच्या सर्व्हिस बुकात ‘स्वग्राम’च्या रकान्यात ग्वाल्हेर लिहिलेलं, त्यामुळे स्वग्रामच्या रजाप्रवास सवलतीवर गोव्याला येणं त्यांना कधी जमलं नाही, दुसऱ्याने असं केलं असतं तर त्यांनीच बिल अडवलं असतं. त्या दिवशी ते महाप्रसादाला बसले. नुकतंच सुधारलेलं पोट, म्हणून ‘नको, नको’ म्हणत हात आडवा धरला. वाढणाऱ्याने तो हात हलकेच बाजूला केला आणि खीर वाढली. अण्णांनी पुन्हा हात धरला, त्याने पुन्हा वाढली. निघताना अण्णांनी देणगी दिली. किती, ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही, पण पावती घेतली.

मंगळवारी अकरा वाजता बिल समोर आलं: बाकी शून्य. शून्यावर सही करायला अण्णा तयार होईनात. ‘शून्य कसलं? तपशील द्या.’ अभिप्रायाच्या चिमुकल्या कार्डाऐवजी त्यांनी कोरा कागद मागितला, मधोमध घडी घातली, डाव्या बाजूला आक्षेप लिहिले, उजवी बाजू उत्तरांसाठी सोडली. याला ‘हाफ मार्जिन’ म्हणतात. मेरठच्या मुलाने उभ्या उभ्या उजवीकडे उत्तरं लिहिली. शहाळ्याच्या आक्षेपापुढे त्याने लिहिलं, ‘चूक मान्य,’ आणि आतून दोन शहाळी आणून दिली. अण्णांनी ती प्यायली, आक्षेपाचा पॅरा ड्रॉप केल्याची नोंद केली आणि उरलेली सगळी गजक त्याला देऊन टाकली.

आता थाटीपुरातून कुणीही गोव्याला निघालं की त्याला आदल्या दिवशी अण्णांचं परिपत्रक येतं. मलाही आलं. खोली मिळण्याची वेळ लेखी घ्यावी. जेवणाच्या दालनात उजवीकडून शिरावं. सोमवार टाळावा. वाढप्याला ‘नको’ एकदाही म्हणू नये, तो ऐकतो. शहाळी मडगावात बाहेर प्यावीत. अशी एकोणीस कलमं टाइप केलेली, आणि त्याखाली पेन्सिलीने, वहिनींच्या अक्षरात, विसावं: ‘ओवा बरोबर ठेवणे.’ त्याच्यापुढे लाल शाईत अण्णांची सही आणि एक शब्द, ‘मान्य.’